एका हिकरीसाठी तीन फेऱ्या: उद्यानाच्या हर्बेरियमसाठी नमुने कसे गोळा करावेत

पहिल्या वर्षी जुलैमध्ये मी उद्यानाच्या हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, एका हिकरीची (अमेरिकेतल्या जंगलांतलं एक मोठं झाड) सुरेख फांदी आणली. पानं निगुतीनं पसरवली, दाबली, वाळवली, शीटवर चिकटवली. उद्यानात नावं तपासणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि लेबलावर एवढंच लिहिलं: 'कॅरिया, जाती अनिश्चित'. कळी नव्हती, फळ नव्हतं, सालीबद्दल एक ओळ नव्हती. झाडापाशी परत जावं म्हटलं तर ते नेमकं कुठलं, हेही वहीत नव्हतं. झाडाची फांदी तोडली गेली आणि त्यातून कुणाला काही कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून हा लेख. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक आता राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांत स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यांतल्या अनेकांनी इकडे येण्याआधी बीएस्सीला हर्बेरियमची शीटं केलेली असतात. त्या शिक्षणाचा उपयोग होतोच, पण हिकरीसाठी ते पुरत नाही. हिकरीचं नाव एका फांदीवरून ठरत नाही. कळी, पान, फळाचं टरफल आणि खोडाची साल या चारही गोष्टी एकाच झाडाच्या हव्यात, आणि त्या वर्षात वेगवेगळ्या वेळी हाती येतात. एक झाड निवडून त्याच्याकडे तीनदा जायचं, ही या कामाची खरी पद्धत.

आधी झाडाची ओळख

हिकरी अक्रोडाच्या कुळातली. प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, शास्त्रीय नाव कॅरिया, ते वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांनी १८१८ मध्ये दिलं. मुळात ग्रीक भाषेतला हा शब्द कवचाच्या फळाशी जोडलेला आहे. 'हिकरी' हा शब्द व्हर्जिनियातल्या आदिवासींच्या भाषेतून आला. ते ही फळं कुटून पाण्यात कालवत आणि त्याचं दुधासारखं पेय करत, त्या पेयाचं ते नाव. आपण सुक्या मेव्यात खातो ते पेकान हीसुद्धा हिकरीचीच एक जात. बहुतेक जाती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आहेत, थोड्या मेक्सिकोत आणि पूर्व आशियात.

जंगलात पहिला घोटाळा होतो तो काळ्या अक्रोडाशी. पान दोन्हींचं संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पानांसारख्या पर्णिका, त्याही समोरासमोर. सोपी खूण अशी: पेन्सिलीएवढी जाड डहाळी धारदार चाकूनं उभी चिरा. अक्रोडाच्या गाभ्यात शिडीच्या पायऱ्यांसारखे कप्पे दिसतात, हिकरीचा गाभा भरीव असतो.

हिकरीला आज जे महत्त्व आहे त्यामागे एक मोठं दुःख आहे. १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अमेरिकन चेस्टनटवरचा बुरशीरोग पहिल्यांदा लक्षात आला आणि पुढच्या चार दशकांत ॲपलाचियन डोंगरांतली चेस्टनटची मोठी झाडं जवळपास संपली. त्या जागा ज्यांनी भरून काढल्या त्यांत ओक होते आणि हिकऱ्याही होत्या. असा बदल पुढे कुणाला तपासायचा असेल, तर कोणत्या साली कोणत्या उतारावर कोणती हिकरी होती याचा पुरावा हवा. नीट केलेलं शीट हाच तो पुरावा.

परवानगी

राष्ट्रीय उद्यानातून एक पानही परस्पर उचलता येत नाही. काही उद्यानांत खाण्यापुरती फळं हातानं वेचायची मुभा असते, पण संग्रहासाठी ती लागू नाही. नमुने घ्यायला वैज्ञानिक संशोधन व संकलनाचा परवाना लागतो आणि तो विद्यापीठ, संग्रहालय किंवा सरकारी खातं अशा संस्थेच्या प्रतिनिधीला मिळतो. स्वयंसेवक त्या परवान्याखाली काम करतो. निघताना प्रत खिशात ठेवा आणि तुमचं नाव सहायकांच्या यादीत आहे ना, ते वाचून घ्या.

अर्जात तीन गोष्टी स्पष्ट मागा: किती झाडांवरून किती नमुने, दुसऱ्या प्रती (त्याच नमुन्याची जादा शीटं) कोणत्या हर्बेरियमला जाणार, आणि झाडाला पत्र्याचा बिल्ला लावायचा आहे का. नमुने शेवटपर्यंत उद्यानाच्या मालकीचे राहतात, दुसऱ्या संस्थेत ठेवले तरीही. त्यांच्यावर राष्ट्रीय उद्यान सेवेचं लेबल आणि नोंद क्रमांक असावाच लागतो. वर्षाअखेर अहवालही द्यायचा असतो.

दुसऱ्या प्रतीवर माझा फार भर आहे. १९३४ मध्ये टेनेसी विद्यापीठाचं हर्बेरियम आगीत जळालं. त्याच वर्षी शेजारच्या डोंगरांत ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, आणि तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना संग्रह नव्यानं उभा करावा लागला. एकच प्रत एकाच कपाटात ठेवणं किती धोक्याचं आहे हे समजायला ही एक घटना पुरे.

झाड निवडणं

नियम साधा आहे: त्या परिसरात त्या जातीची किमान वीस झाडं दिसली तरच एकावरून नमुना घ्या. झाड मोठं, फळ धरणारं आणि पायवाटेवरून सहज दिसणार नाही असं निवडा. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची किंवा रोपांची पानं कधीच घेऊ नका. त्यांच्या पर्णिकांची संख्या आणि आकार मोठ्या झाडाशी जुळत नाही, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

झाडाला तुमचा एक कायमचा क्रमांक द्या, समजा 'झाड ७'. बिल्ल्याची परवानगी नसेल तर फोनवरच्या जीपीएसचे आकडे, बुंध्याचा फोटो आणि आजूबाजूच्या दोन ठळक खुणांपासूनचं अंतर लिहून ठेवा. अक्षांश-रेखांशांत दशांशानंतर पाच आकडे पुरतात, पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो. दाट पानांखाली फोन पाच-दहा मीटर सहज चुकतो. म्हणून अचूकता किती दाखवत होता तेही लिहा.

तीन फेऱ्या कधी

पहिली वसंतात, एप्रिल-मे. पानं उलगडत असतानाच नर फुलांचे तुरे तीन-तीनच्या झुपक्यांत लोंबतात, मादी फुलं नव्या कोंबाच्या टोकाला. काही जातींत तुरे नव्या कोंबाच्या बुडाशी येतात, काहींत मागच्या वर्षीच्या लाकडावर. त्यामुळे कात्री नव्या वाढीच्या खाली चालवा, मागच्या वर्षीचा तुकडा सोबत आला पाहिजे.

दुसरी सप्टेंबरात. ही सर्वांत मोलाची. पक्व पानं, फळं आणि पुढच्या वर्षीची टोकाची कळी, तिन्ही एकाच डहाळीवर मिळतात. एकच फेरी शक्य असेल तर हीच करा.

तिसरी फेब्रुवारीत, फक्त एका वीतभर डहाळीसाठी. पानाचा वण, कळीवरचे खवले, डहाळीची जाडी आणि लव. थंडीत हिकरीकडे पाहणाऱ्यालाच बिटरनट या हिकरीच्या जातीची ओळख पक्की होते. सगळं जंगल राखाडी असताना तिच्या कळ्या गंधकाच्या पिवळ्या रंगाच्या असतात, जणू टोकांना हळदीचं बोट लावलंय. या कळीचे खवले एकमेकांवर चढत नाहीत, फक्त कडेला कड लावून मिटलेले असतात, हात जोडल्यासारखे. पेकानचंही तसंच. शॅगबार्क, पिगनट, मॉकरनट या जातींच्या कळीवर खवले कौलांसारखे एकावर एक असतात. हिकऱ्यांचे दोन मोठे गट इथूनच वेगळे होतात.

प्रत्येक फेरीच्या नमुन्याला नवा संकलन क्रमांक द्यायचा, पण झाडाचा क्रमांक तोच. वहीत आणि लेबलावर दोन्ही लिहायचे: 'याच झाडाचा फुलांचा नमुना क्र. ११२ पाहा'. हा धागा तुटला की तीन फेऱ्या वाया जातात.

जंगलात

सोबत लांब दांड्याची कात्री, सिकेटर (छाटणीची छोटी कात्री), जुनी वर्तमानपत्रं, पानं दाबायचा छोटा प्रेस, कागदी पिशव्या, दोरीचे टॅग, मापाची टेप, भिंग, पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. हिकरीच्या बुंध्यावर केसाळ दोरखंडासारखी वेल चढलेली असेल तर ती बहुधा पॉयझन आयव्ही असते. हिवाळ्यात पानं नसतानाही ती अंगावर पुरळ उठवते. घरी आल्यावर गोचिडी तपासा.

हिकरी तीस मीटरपर्यंत, कधी त्याहूनही उंच वाढते, फांद्या उंच असतात. लांब दांड्यानं पोचेल तेवढंच घ्या, चढू नका. वादळानंतर पडलेल्या ताज्या फांद्या मिळतात, पण ती फांदी कोणत्या झाडाची हे डोळ्यांनी सिद्ध होत असेल तरच वापरा. डहाळी तीस-चाळीस सेंटिमीटरची, टोकाच्या कळीसकट. काप तिरका आणि स्वच्छ हवा. एका झाडावरून दोन-तीन डहाळ्यांच्या वर जाऊ नका.

टॅग डहाळी तोडताक्षणी बांधायचा, पुढच्या झाडाकडे वळण्याआधी. फळं वेगळ्या पिशवीत जातील तर त्या पिशवीवर आणि आतही एक चिठ्ठी. एका पावसाळी दिवशी माझ्या दोन पिशव्यांवरचे आकडे पुसले गेले आणि आत चिठ्ठ्या नव्हत्या. पिगनटची दोन झाडांची फळं एकत्र झाली, ती सगळी टाकावी लागली.

साल जिवंत झाडावरून काढू नका. शॅगबार्कची साल लांब पट्ट्यांनी सुटून बाहेर वळलेली असते. त्या पट्ट्यांच्या आड वटवाघळं राहतात, आणि पूर्वेकडची दुर्मीळ इंडियाना वटवाघळं उन्हाळ्यात अशाच सालींखाली पिल्लं वाढवतात. खाली पडलेली एखादी पट्टी मिळाली तर घ्या, नाहीतर टेप धरून फोटो काढा: छातीच्या उंचीवर एक, जमिनीलगत एक.

वही

झाडाजवळ उभं असतानाच लिहायचं. शीटवर जे कधीच दिसणार नाही ते आधी: अंदाजे उंची, बुंध्याचा व्यास, साल सुटते की घट्ट आहे, तिचा रंग. व्यास अमेरिकेत जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. टेप गुंडाळून घेर घ्या आणि ३.१४ नं भागा. मग जागा: काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), पायवाटेपासून दिशा आणि अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराचं तोंड कुठे, माती खडकाळ की गाळाची, शेजारी कोणती झाडं. पान चुरगळून वास घ्या आणि तोही लिहा. मॉकरनटच्या पानांचा सुगंध वाळल्यावर राहत नाही.

तारखेत महिना अक्षरांत लिहा. आपल्या सवयीनं ५/१० म्हणजे पाच ऑक्टोबर, अमेरिकेत तेच दहा मे. हिकरीच्या बाबतीत एक तारीख फुलांची आणि दुसरी फळांची. पुढच्या माणसाला त्या आकड्यांवरून काहीच ठरवता येणार नाही.

दाबणं आणि वाळवणं

पानं लवकर मलूल होतात, म्हणून जागेवरच वर्तमानपत्रात ठेवा. अमेरिकेतलं शीट साधारण २९ गुणिले ४२ सेंटिमीटरचं असतं आणि हिकरीचं पान पुष्कळदा त्यात मावत नाही. पर्णिका कापून टाकायचा मोह होतो, तो टाळा. पर्णिकांची संख्या हाच तर ओळखीचा मोठा आधार. मधला देठ इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखा दुमडा. पर्णिका एकमेकींवर येत असतील तर मध्ये कागदाचा तुकडा सारा. दोन पर्णिका उलट्या करून ठेवा, म्हणजे खालची लव दिसेल. खरंच काही काढावं लागलं तर देठाचं बूड तसंच ठेवा आणि 'दोन पर्णिका काढल्या' असं लिहा.

रचना अशी: पन्हळी पुठ्ठा, टिपकागद, वर्तमानपत्रातला नमुना, टिपकागद, पुठ्ठा. जाड डहाळीमुळे पानांवर दाब बसत नाही. तेव्हा पानांच्या बाजूला फोमचा तुकडा घालून पातळी सारखी करा. पट्टे घट्ट आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. पुण्या-मुंबईत आम्ही गादीखाली पेपर ठेवून आणि रोज बदलून शीटं वाळवली. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरायचीच. टेनेसीचा उन्हाळाही दमट असतो. हवा खेळती राहील असा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचा उबदार कोरडा करणारा पेटारा उद्यानाकडे असेल तर तोच वापरा. सावकाश वाळलेली पानं काळवंडतात, आणि फार उष्णतेत ती ठिसूळ होऊन पर्णिका गळतात. पान गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत पाणी आहे.

फळं

फळ प्रेसमध्ये घालायचं नाही. ताजं असताना एक फळ आडवं कापा आणि मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या: बाहेरच्या टरफलाची जाडी, आतल्या कठीण कवचाची जाडी, त्यातले पडदे. कापलेलं फळ तासाभरात तपकिरी पडतं, म्हणून हे त्याच दिवशी. बाकीची कागदी पिशवीत उघडी ठेवून वाळू द्या. माझी पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, आणि रात्री मध्येच 'टक्' असा आवाज येतो: शॅगबार्कचं टरफल चार फाकांत सुटलेलं असतं. फाका आणि बी एकत्र दोऱ्यानं सैल बांधा. टरफल बुडापर्यंत फुटलं की अर्ध्यावर थांबलं, हे महत्त्वाचं आहे आणि सुटे तुकडे ते सांगू शकत नाहीत.

फळात भुंग्याच्या अळ्या असतात. बाहेर पडताना त्या कवचाला सुमारे तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडतात. एकही अळी संग्रहात शिरता कामा नये. वाळलेली फळं आणि शीटं प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सिअसवर किमान एक आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. भारतात पूर्वी शीटांना मर्क्युरिक क्लोराइड लावत. ते विषारी आहे, आता वापरायचं नाही, आणि जुनी शीटं हाताळताना हातमोजे घाला.

नाव ठरवणं

आता सगळं एका टेबलावर मांडा. शॅगबार्क, म्हणजे कॅरिया ओव्हाटा: बहुधा पाच पर्णिका, टरफल जाड आणि बुडापर्यंत सुटणारं. भिंगातून पर्णिकेच्या कडेच्या दातांपाशी केसांचे बारीक झुपके दिसतात. जुन्या पानांत ते झडतात, तरी शोधले की दोन-चार सापडतात. शेलबार्क, लॅसिनिओसा: बहुधा सात पर्णिका, डहाळी नारिंगी छटेची, नदीकाठची गाळाची जमीन. मॉकरनट, टोमेन्टोसा: सात ते नऊ पर्णिका, देठ लवदार, साल कधीच सुटत नाही. टोकाची कळी टपोरी, शरदात बाहेरचे खवले गळून आतली रेशमी फिकट कळी उघडी पडते. बिटरनट, कॉर्डिफॉर्मिस: पिवळी कळी, पातळ टरफल, वरच्या अर्ध्या भागात शिवणींवर पंखासारख्या कडा.

पिगनट, ग्लाब्रा, इथे खरी कसोटी. पर्णिका बहुधा पाच, लव नाही, फळ नासपतीच्या आकाराचं, टरफल पातळ आणि बऱ्याचदा अर्धवटच फुटणारं. तिच्याजवळची ओव्हालिस बहुधा सात पर्णिकांची, टरफल बुडापर्यंत सुटणारं. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिकोशानं १९९७ मध्ये दोन्ही एकच मानल्या, काही अभ्यासक अजून वेगळ्या मानतात. दोघींच्या मधली झाडंही भेटतात, आणि हिकऱ्यांत संकरही होतात. अशा वेळी ओढूनताणून नाव देऊ नका. 'ग्लाब्रा, ओव्हालिसशी साम्य' असं लिहून टरफलांचं वर्णन जोडलं तर ते चुकीच्या ठाम नावापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

शीट आणि लेबल

कागद आम्लरहित हवा. डहाळी सुती दोऱ्यानं शिवा किंवा कापडी पट्ट्यांनी बांधा, पानांना पांढरा पाण्यात विरघळणारा पीव्हीए गोंद थोडाच लावा. सेलोटेप नको. कॉलेजात आम्ही तीच लावायचो, दहा वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि डाग ठेवते. गळालेल्या पर्णिका, तुरे आणि कळ्या कागदाच्या दुमडलेल्या पाकिटात घालून वरच्या कोपऱ्यात चिकटवा. फळांचा डबा वेगळा राहील. त्यावर शीटचाच क्रमांक आणि शीटवर 'फळं डब्यात आहेत' अशी ओळ हवी.

लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात: शास्त्रीय नाव, उद्यान, राज्य, काउंटी, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, परिसर, झाडाचं वर्णन, तारीख, संकलकाचं नाव, संकलन क्रमांक, झाडाचा क्रमांक, नाव कुणी ठरवलं आणि कधी. परवान्याचा क्रमांकही. जुन्या शीटवर दुसरं नाव दिसलं, उदाहरणार्थ मॉकरनटला 'कॅरिया आल्बा', तर ते खोडायचं नाही. नवी छोटी चिठ्ठी वर चिकटवायची, नाव आणि तारखेसह. शीटवर एकाखाली एक अशा चिठ्ठ्या साठत जातात. म्हणून शीट करतानाच लेबलाच्या वर चार बोटं जागा मोकळी सोडा.